तिच्या वाटचं तीर्थ

चौसाळा
भाद्रपद वद्य तृतीया, शके १८४५

॥ श्रीशंकर प्रसन्न ॥

स्वारीच्या पायी शिवगंगेचा शरणार्थ.

गाडी रिकामी परत आली म्हणून तुम्ही रागावला असाल. तोंडानं काही बोलला नसाल. गिऱ्हाइकाच्या पुढ्यात तागडी जरा जोरात आपटली असेल, आणि आईंनी विचारल्यावर ‘बघू’ म्हणाला असाल. तुमच्या त्या ‘बघू’वर मी सहा वर्षं संसार केला आहे.

उत्तरेश्वर भावजींना बोल लावू नका. ते पाळणा, टोपडं, माझ्यासाठी हिरवं लुगडं, सगळं रीतसर घेऊन आले होते. सव्वा महिना झाला, बाळंतिणीला न्यायला सासरची गाडी आली, यात त्यांचं काय चुकलं? मीच आतल्या खोलीतून बाहेर आले नाही. आईनं हाका मारल्या, आप्पांनी मारल्या. शेवटी दारात येऊन मी एवढंच म्हणाले की पोर अशक्त आहे, इतका प्रवास सोसायचा नाही. भावजी बिचारे मान डोलावून गेले. पोर अशक्त नाही. चांगली गुटगुटीत आहे, आणि तुमच्यासारखीच कपाळाला आठ्या घालून बघते.

खरं कारण आता लिहिते. हे पत्र आईंना वाचून दाखवा, मधलं काही न गाळता.

मी युसूफ वडगावला येईन, पण पोरीला दात येईस्तोवर तिच्या तोंडात माझ्या दुधाशिवाय काही जाणार नाही. मध नाही, गुळाचं पाणी नाही, शेळीचं दूध नाही आणि आपल्या दुकानातली घुटीही नाही. हे मंजूर असेल तर गाडी पाठवा.

मी काय लिहिते आहे ते मला कळतं. आपल्या घुटीसाठी केजपासून बाया येतात. वेखंड, जायफळ, हिरडा आई स्वतः निवडून घेतात. त्याच घराची सून म्हणते की घुटी नको. लोक हसतील, हसू देत.

माझी दोन लेकरं गेली. माझी आई तेव्हा अंथरुणाला होती म्हणून दोन्ही बाळंतपणं तुमच्याच घरी झाली. जंगम स्वामी येऊन तीर्थ देईपर्यंत लेकराला आईपाशी घ्यायचं नाही ही तुमच्या घराण्याची रीत. थोरल्याच्या वेळी स्वामी नेमके परगावी गेलेले. पहिला चीक नासका असतो म्हणून तो पिळून मोरीत टाकायला लावला, आणि लेकरू गुळाच्या पाण्याच्या बोळ्यावर राहिलं. ते माझ्यापाशी आलं तेव्हा माझी छाती दगडासारखी झाली होती आणि त्याला ओढता येईना. मग शेळी आली. धाकटा चांगला ओढत होता, पण कापसाची वेचणी निघाली, मजुरांच्या भाकरी माझ्याकडे आल्या, तो रडला की आई बोळा द्यायच्या. दोघंही हगवणीनं गेले.

आई म्हणायच्या, हिचं दूध पुरत नाही. पुरत होतं. माझी चोळी दिवसातून दोनदा भिजायची. हे मी तेव्हा बोलले नाही, आता बोलते.

उत्तर लवकर द्यावं.

शिवगंगा


चौसाळा
आश्विन शुद्ध पंचमी

स्वारीच्या पायी शरणार्थ.

तुमचं पत्र पावलं. चार ओळींच्या पत्रात तीन वेळा ‘आई म्हणतात’ आहे. तुम्ही काय म्हणता ते पुढच्या पत्रात तरी लिहावं.

आईंना वाटतं की माझे कान माझ्या माहेरानं भरले. तसं असतं तर बरं झालं असतं. इथं माझी आईच मला समजावते की अंगावरच्या दुधानं पोराचं पोट भरतं पण कोठा साफ होत नाही. मला पाणीही ती मोजकंच देते, जास्त प्यायलं तर दूध पातळ होईल म्हणून. तिची पाठ वळली की मी रांजणावर जाऊन तांब्याभर पिऊन येते. आप्पा दुकानातून आले की माझ्याकडे न बघता जेवतात. गल्लीतल्या चौघी जणी विचारून गेल्या की नवऱ्यानं टाकली का.

पोर संध्याकाळी थोडी रडते, मग गप होते. बाकी मजेत आहे. काळजी नसावी.

बारसं अजून केलेलं नाही. आत्याबाईंनी कानात नाव सांगायचं की आजीनं, ते तुमच्याकडून ठरून यावं.

शिवगंगा


चौसाळा
आश्विन वद्य दशमी

स्वारीच्या पायी शिवगंगेचा शरणार्थ.

मागच्या पत्रात पोर मजेत आहे असं लिहिलं, तेव्हा ती माझ्या मांडीवर मलूल पडून होती. तुम्हाला कळवलं असतं तर आई त्याच दिवशी घुटीची पेटी घेऊन निघाल्या असत्या, म्हणून लपवलं. आता ती बरी आहे म्हणून सांगते.

झालं असं की मी नदीवर धुणं घेऊन गेले होते. पोर उठून रडायला लागली. माझ्या आईच्यानं राहवलं नाही. तिनं गुळाचं पाणी करून बोळा दिला. दुसऱ्या दिवशीही दिला. मला न सांगता, मायेनंच. तिसऱ्या दिवशी पोरीला पाण्यासारखे ढाळ सुरू झाले. टाळू खाली बसली, डोळे खोल गेले. ते डोळे मी आधी दोनदा पाहिले आहेत. तरी डोकं ठिकाणावर राहिलं.

मी आईला विचारलं, “काय दिलंस?”

ती म्हणाली, “तू न्हवतीस, ल्येकरू टाहो फोडाय लागलं. घोटभर गूळपानी दिलं गं. तुला बी तेच दिलंतं म्या.”

मी पोरीला उचललं आणि माजघरात बसले. मूल ढाळ करतंय तर अंगावरचं बंद कर, असं शेजारची केसरबाई दारातून सांगून गेली. मी बंद केलं नाही. ओढायचं बळ तिच्यात नव्हतं तेव्हा मी पिळून थेंब थेंब ओठांवर सोडलं. दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही. एका सकाळी तिनं स्वतःहून तोंड फिरवून मला शोधलं, तेव्हा मी माझ्या आईच्या गळ्यात पडून रडले. त्यानंतर घरात बोळा करायची कुणाची छाती झाली नाही.

हे खूळ माझ्या डोक्यात कुठून आलं असं तुम्ही विचारलं आहे. सांगते.

मी लहान असताना चौसाळ्यात प्लेग आला. घराघरात उंदीर पडले आणि सगळं गाव कुलपं लावून माळावर खोपटांत राहायला गेलं. माझा भाऊ गुरलिंग त्या खोपटात जन्मला. तिथं मध नव्हता, घुटीची पेटी बंद घरात अडकलेली, शेळ्या कुणीतरी आधीच हाकून नेलेल्या. स्वामीही कुठल्या माळावर होते देव जाणे. आईनं नाइलाजानं जन्मल्या जन्मल्या त्याला छातीशी धरलं आणि थंडी सरेपर्यंत नुसतं अंगावर पाजलं. माझ्या पाठीवरची दोन भावंडं गावातल्या घरात, सगळं सामान हाताशी असताना गेली होती. गुरलिंग खोपटात वाढला. आज तो ज्वारीचं पोतं एकटा पाठीवर घेतो. आई म्हणते, माळाची हवा त्याला मानवली. मलाही इतकी वर्षं तसंच वाटायचं. माझा धाकटा गेल्यावर मात्र मी पडल्या पडल्या तेच आठवत राहिले की माळावर काय होतं, आणि मग की काय नव्हतं.

एवढंच माझं शहाणपण आहे. कुणी शिकवलेलं नाही.

आता तुमच्या पत्राचं. आई कार्तिकी पुनवेच्या यात्रेला कपिलधारला येणार, धारेखालचं तीर्थ लोटीत भरून परतताना इथं येणार, आणि आपल्या हातानं पोरीला पाजणार. पोर वर्षाची होईपर्यंत रोज सकाळी तिच्या मुखात ते तीर्थ घालायचं असा त्यांनी नवस केला आहे. मी देवाच्या तीर्थालाही नाही म्हटलं, तर युसूफ वडगावचं दार मला बंद, आणि नेकनूरची मुलगी बघून ठेवली आहे.

ती नेकनूरची मुलगी तुम्ही पाहिलीत का? तुम्ही ‘बघू’ म्हणाला असाल असं समजून मी जेवते आणि झोपते.

पण घुटीशी भांडता येतं, देवाच्या तीर्थाशी कसं भांडू? मी स्वतः रोज लिंगपूजा केल्याशिवाय पाणी घेत नाही. आणि लोटीतलं पाणी किती दिवसांत हिरवं होतं तेही मी बघितलेलं आहे. दोन्ही मला ठाऊक आहे, आणि पोर एकच आहे.

शिवगंगा


चौसाळा
कार्तिक वद्य तृतीया

हे पत्र एकट्यानं वाचा. याच लिफाफ्यात दुसरं घडी घातलेलं पत्र आहे, ते आईंसाठी आहे. आधी हे वाचा आणि मग चुलीत घाला.

स्वारीच्या पायी शरणार्थ.

आई काल दुपारी आल्या. भावजींनी बैल सोडले. आई ओसरीवर टेकल्या तेव्हा यात्रेनं अगदी थकल्या होत्या, पायाला चिखल तसाच. पण लोटी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही. तोंडाला ओलं फडकं बांधलेली ती आपली पितळेची लोटी. पदराच्या गाठीतून त्यांनी धुतलेल्या कापसाचा बोळा काढला.

माझी आई पाणी देऊन आत गेली. मी पोरीला घेऊन समोर बसले.

त्या म्हणाल्या, “आन हिकडं.”

मी म्हणाले, “आई, तिला न्हाई द्यायचं.”

“कावून? देवाचं पानी बी तुला चालंना का? येवढी लई शानी झालीस?”

त्यांनी हात पुढे केला. मी पोरीला घट्ट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी सासूनं मागितलेलं दिलं नाही.

त्या शांतपणे म्हणाल्या, “मग तू घरी यिऊ नगंस. म्या माझ्या विरुपाक्षाला सांगते, हिच्यात काय राम न्हाई. पोरीला घिऊन बस हितंच.”

त्यांचा आवाज चढला असता तर मी पण चढवला असता. पण त्या थकून बोलत होत्या, आणि बघत होत्या पोरीच्या टाळूकडे. मला एकदम कळलं की या मला हरवायला आलेल्या नाहीत. या घाबरलेल्या आहेत. तिसरंही जाईल म्हणून मी जितकी घाबरले आहे तितक्याच.

तेवढ्यात पोर कुरकुरायला लागली. तुमच्या घरी मी कधी कुणासमोर पाजलं नाही. दुकानात गिऱ्हाईक, ओसरीवर पुरुष, वर बायकांची दृष्ट लागेल ही भीती. मागच्या अंधाऱ्या खोलीत जायचं, आणि हाक आली की अर्ध्यावर तोडून उठायचं. काल मी उठले नाही. तिथंच पदराआड घेतलं आणि मग पदरही बाजूला केला, त्यांना दिसावं म्हणून. पोर ओढायला लागली. तिचा घोट गिळण्याचा आवाज ओसरीभर ऐकू येत होता. आई बघत राहिल्या.

चोळीची बाही वर सरली होती. दंडावर पोरीच्या नावाचं इष्टलिंग बांधलेलं होतं. त्याच्याकडे बघता बघता मला जे सुचलं ते मी बोलले. मी म्हणाले, “आई, आठव्या महिन्यात स्वामींनी हिचं लिंग माझ्या दंडाला बांधलं. ती लहान हाय म्हणून अजून बी माझ्यापाशीच हाय. तवा तुमी रोज माझ्या हातावर दोनदा तीर्थ घालायच्या. एकदा माझं, एकदा हिच्या वाटचं. तुमीच म्हणायच्या, पोटातल्याला पोचतंय. तवा पोचत हुतं, तर आता कावून न्हाई पोचणार?”

पोरीनं एक बाजू सोडली, मी दुसरीकडे घेतलं.

मग त्यांनी लोटीचं फडकं सोडलं आणि म्हणाल्या, “हात कर.”

मी उजवा हात पुढे केला. त्यांनी माझं तीर्थ घातलं, मी घेतलं. पुन्हा घातलं. “ह्ये तिचं,” म्हणाल्या. तेही मी घेतलं. बोळा त्यांनी पुन्हा पदरात बांधला.

इथपर्यंत झालं असतं तर मी हे पत्र सगळ्या गावासमोर वाचायला सांगितलं असतं.

पण आई तशाच बसून राहिल्या. मग आपसूक बोलायला लागल्या. तुमच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती हे तुम्हाला माहीत आहे का? मला माहीत नव्हतं. मनकर्णा तिचं नाव. त्या म्हणाल्या, “माझी सासू म्हणली, तुझं दूध पातळ हाय. मला वाटलं, आसंल. ती मोठी, तिला कळतंय. उरातनं दूध गळायचं, लुगडं भिजायचं, अन् पोरगी माझ्याम्होरं शेळीच्या बोळ्यावर. पावसाळ्यात गेली.” मग तुमचा जन्म झाला, त्या वेळी आजेसासूबाई वारल्या होत्या आणि घरात बोळा पाजायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तुम्ही आईच्या अंगावर राहिलात. हे त्या अगदी साधेपणानं सांगत होत्या. सांगता सांगता मध्येच थांबल्या, कारण आपण काय सांगतो आहोत ते त्यांना तेव्हाच कळलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “शिवगंगा, खरं सांग. तुझी दोन ल्येकरं... माझ्या हातानं गेली का गं?”

‘हो’ माझ्या जिभेवर होतं. इतकी वर्षं मी त्याच एका शब्दाची वाट बघत होते, की कधी तरी या बाईला तोंडावर सांगेन. आणि त्यांनी स्वतःहून विचारलं तर मला तो उच्चारवेना. मी मान खाली घालून पोरीचं टोपडं सारखं करत बसले. त्यांनी थोडी वाट पाहिली. मग “बरं” म्हणाल्या, लोटी माझ्यापाशी ठेवली, आणि गाडीत जाऊन बसल्या. भावजी म्हणाले, जेवून निघू, तर नको म्हणाल्या.

माझ्या गप्प राहण्याचं त्यांनी उत्तर समजलं आहे. ते उत्तर घेऊन त्या तुमच्या घरात वावरत असतील. जेवतात का ते बघा.

आता ऐका. दुसऱ्या पत्रात मी जे लिहिलं आहे ते खरं नाही, आणि ते खरं नाही हे या जगात फक्त तुम्हालाच माहीत आहे. धाकटा गेल्यानंतर माझं दूध थांबत नव्हतं. परसातल्या बेलाच्या बुंध्याशी बसून मी ते पिळून मातीत सोडत होते, तेव्हा तुम्ही मागच्या दारात आला होता. मला बघून एक शब्द न बोलता परत फिरलात. त्या दिवशी तुम्ही काही बोलायला हवं होतं. आता बोला. माझं दुसरं पत्र आईंसमोर बसून, रोजच्या आवाजात, कुठं न अडखळता वाचा. त्या माझ्याबद्दल काही म्हणाल्या तर म्हणू द्या. या वेळी ‘बघू’ म्हणू नका.

शिवगंगा


चौसाळा
कार्तिक वद्य तृतीया

॥ श्रीशंकर प्रसन्न ॥

तीर्थरूप सासूबाईंच्या पायी शिवगंगेचा शरणार्थ.

तुम्ही विचारलंत आणि मी गप्प राहिले, ते लाजेनं. भाद्रपदात मी रागाच्या भरात लिहिलं होतं की मला भरपूर दूध होतं आणि चोळी भिजायची. ते खोटं होतं. पहिल्या चिकानंतर मला दोन्ही वेळा पुरेसं दूध आलंच नव्हतं. थोरला आणि धाकटा माझ्यापाशी उपाशी राहिले असते. तुम्ही बोळा दिलात म्हणून ती दोघं तेवढे दिवस तरी जगली. तुमच्या हाताला काही दोष नाही. हे मी माझ्या दंडावरच्या लिंगाला हात लावून लिहिते.

या खेपेला दूध आहे. का आलं ते मला ठाऊक नाही, स्वामींची कृपा म्हणायची.

पोरीचं बारसं तुमच्या घरी, तुमच्या हातानं करायचं आहे. नाव मनकर्णा ठेवावं असं माझ्या मनात आहे, तुम्हाला चालत असेल तर.

गाडी पाठवावी. लोटीतलं तीर्थ मी आज सकाळपासून घेते आहे, एकदा माझं आणि एकदा तिचं. ते फार दिवस पुरायचं नाही.

आपली सून
शिवगंगा